पाऊस कीं हिम?

"उद्यां पाऊस पडेल; रात्रीं थोडें हिम पडण्याचाहि संभव आहे," असें भाकीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांना हिंवाळा सरतां सरतां वारंवार ऐकावयास मिळतें. वाक्य साधें आहे. पण त्यांतील 'संभव' हा शब्द मोठी किंमत देऊन मिळविलेला आहे. ती कशी द्यावी लागली, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

1870 सालीं अमेरिकन सरकारनें हवामानाचीं निरीक्षणें गोळा करण्याचें काम लष्कराच्या सिग्नल खात्याकडे सोंपविलें. ठिकठिकाणचीं निरीक्षणें तारेनें वॉशिंग्टनला येत, नकाशावर मांडलीं जात आणि त्यांवरून पुढील दिवसाचा अंदाज बांधला जाई. 1871 सालीं क्लीव्हलंड ॲबे या ज्योतिर्विदानें हें काम हातीं घेतलें, तेव्हां या अंदाजांचें नांवच 'संभव' अशा अर्थाचें होतें. लोकांनीं ॲबेला 'म्हातारे संभवराव' असें गमतीचें टोपणनांव दिलें. वास्तविक तो त्या वेळीं पस्तिशीच्याहि आंत होता! पुढें 1876 सालीं 'संभव' जाऊन 'लक्षणें' आलीं व 1889 सालीं 'भाकितें'. नांवागणिक भाषेंतील खात्री वाढली. ज्ञान त्या मानानें वाढलें होतें काय? याचें उत्तर 1888 च्या मार्चनें दिलें.

10 मार्चचा शनिवार न्यूयॉर्कमध्यें उबदार गेला. नकाशावर दोन वादळें दिसत होतीं. एक उत्तरेकडील महासरोवरांच्या बाजूस व दुसरें दक्षिणेस. थोडा पाऊस पडेल व नंतर आकाश निवळेल, असा अंदाज प्रसिद्ध झाला. त्या काळीं कचेरीचें काम शनिवारीं मध्यरात्रीं थांबे, तें रविवारीं संध्याकाळीं पुन्हां सुरू होई. वादळाला मात्र रविवारची सुटी ठाऊक नव्हती. दक्षिणेकडील वादळ किनाऱ्याजवळ समुद्रावर येऊन झपाट्यानें बळावलें, आणि समुद्रावरून बातमी आणणारी बिनतारी यंत्रणा अद्याप जन्मासहि आली नव्हती. रविवारीं मुसळधार पाऊस झाला. मध्यरात्रीनंतर त्याचेंच हिम झालें.

सोमवारीं सकाळीं लोक नेहमींप्रमाणें कामावर निघाले, आणि त्यांतील कित्येक परत आले नाहींत. न्यूयॉर्कमध्यें 21 इंच हिम पडलें. ऑल्बनी येथें सुमारें 4 फूट. वाऱ्यानें त्याचे ढीग घरांच्या माड्यांपर्यंत रचले. उंचावरून धांवणाऱ्या आगगाड्या वाटेंतच अडकल्या. तारा तुटल्यामुळें न्यूयॉर्कचे निरोप बोस्टनला पाठविण्यास समुद्रांतील तारेनें लंडनचा वळसा घ्यावा लागला! सुमारें 400 माणसें मरण पावलीं. त्यांतील निम्मीं एकट्या न्यूयॉर्कमधील होतीं.

पाऊस कीं हिम, हें ओळखणें इतकें कठीण कां? ढगांतून निघालेलें हिम खालच्या हवेंतून येतांना वितळलें तर पाऊस, न वितळलें तर हिम. हा निर्णय एकदोन अंशांच्या फरकानें फिरतो. आणि एक इंच पाऊस हिमरूपानें पडला तर त्याचा थर सुमारें 10 इंचांचा होतो. पावसाच्या बाबतींत जी चूक छत्रीवर भागते, ती हिमाच्या बाबतींत सारें शहर गाडून टाकूं शकते.

21 वर्षांनीं हाच धडा राजधानीला मिळाला. 4 मार्च 1909 या दिवशीं टाफ्ट यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधि होता. हवा स्वच्छ राहील, असें सरकारी खात्यानें सांगितलें होतें. आदल्या दिवशींच्या पावसाचें रात्रीं हिम झालें व जवळजवळ 10 इंचांचा थर सांचला. 6,000 माणसांनीं फावड्यांनीं रस्ते मोकळे केले. शपथविधि मात्र सिनेटच्या दिवाणखान्यांत उरकावा लागला.

पुढें शास्त्र बदललें. गणितानें हवामान वर्तविण्याचा रिचर्डसन याचा ग्रंथ 1922 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सहा तासांचें भाकीत साफ चुकलें होतें, पण वाट बरोबर होती. 1950 सालीं गणकयंत्रानें तेंच काम यशस्वी रीतीनें केलें. आणि 1993 च्या मार्चमध्यें, त्याच 12 ते 14 तारखांना, त्याच किनाऱ्यावर महावादळ आलें, तेव्हां त्याची सूचना पांच दिवस आधीं मिळाली होती. तरीहि सुमारें 270 माणसें दगावलीं. सूचना मिळाली म्हणजे संकट टळलें, असें नव्हे. पण सावध होण्यास अवधि मिळाला, हें थोडें नव्हे.

गंमत अशी कीं, ज्ञान वाढल्यावर शास्त्रज्ञांची भाषा अधिक नम्र झाली. 1966 पासून अमेरिकेचें हवामानखातें पावसाचा संभव शेंकड्यांत सांगूं लागलें; म्हणजे म्हातारे संभवराव परत आले, पण या वेळीं हातांत आंकडे घेऊन!

वेधशाळेनें पाऊस सांगितला कीं छत्री घरीं ठेवावी, असा विनोद आपल्याकडेहि करतात. यापुढें भाकितांत 'संभव आहे' असें ऐकलें, तर ती सांगणाऱ्याची पळवाट समजूं नका. आपल्याला काय कळतें आणि कोठपर्यंत कळतें, याचा तो प्रामाणिक हिशेब आहे. आणि छत्री बरोबर घ्यावी कीं नाहीं, हें ठरविण्यास तेवढा हिशेब पुरेसा असतो.