उपग्रहसमूहांचे कार्यसमन्वयन

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अनेक उपग्रहांपैकी कोणी, कोणत्या भूभागाची प्रतिमा केव्हा घ्यावी आणि ती कोणत्या भूकेंद्रावर उतरवावी, हे ठरवण्याची पद्धती.

गरज : भूनिरीक्षण उपग्रह सुमारे १०० मिनिटांत एक प्रदक्षिणा घालतो, भूकेंद्राच्या टप्प्यात मात्र तो एका वेळी काही मिनिटेच असतो. बॅटरी, साठवणक्षमता आणि कॅमेरा वळवायला लागणारा वेळ यांमुळे एका फेरीत सर्व मागण्या भागत नाहीत. उपग्रह व मागण्या वाढल्या की संभाव्य वेळापत्रके इतकी होतात की ती सर्व तपासणे संगणकालाही आवाक्याबाहेरचे ठरते. म्हणून अग्रक्रम लावून पुरेसे चांगले वेळापत्रक निवडतात.

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण : जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,५३० चौ. किमी. आहे. भारताच्या रिसोर्ससॅट-२ (२०११) व २ए (२०१६) या उपग्रहांवरील ‘ॲविफ्स’ कॅमेऱ्याचा पट्टा ७४० किमी. रुंद असल्याने त्यात जिल्हा सहज मावतो. पण त्याचा एक चित्रबिंदू ५६ मी.चा, म्हणजे सुमारे ३१ गुंठ्यांचा असतो. येथील कांद्याच्या शेतांचे लहान तुकडे त्यात शेजारच्या पिकात मिसळून जातात. त्याच उपग्रहांवरील ‘लिस-४’ कॅमेऱ्याची विभेदनक्षमता ५.८ मी. असली, तरी त्याचा पट्टा जेमतेम ७० किमी. आहे. हा कॅमेरा बाजूला वळवता येतो. मात्र तो जिल्ह्यातील निफाडकडे वळवला की त्या फेरीत खालचा भाग सुटतो. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील मूळ जोडी एकाच कक्षेत समोरासमोर ठेवल्यामुळे फेरतपासणी १० दिवसांऐवजी ५ दिवसांवर आली. तिचा १० मी.चा चित्रबिंदू साधारण एका गुंठ्याएवढा आहे.

हंगामानुसार कामाची वाटणी बदलते. उन्हाळ कांदा निरभ्र आकाशाखाली वाढत असल्याने प्रकाशीय कॅमेरे पुरतात. खरीप कांद्यावर मात्र ढग असतात. तेव्हा ढगांपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ किंवा ईओएस-०४ (२०२२) यांसारख्या रडार उपग्रहांकडे काम सोपवावे लागते. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर वेल फुटत जातो, म्हणून एका प्रतिमेपेक्षा ठराविक अंतराने घेतलेली मालिका अधिक उपयोगी पडते.

पद्धती : (१) केंद्रीय नियोजनात भूकेंद्र संपूर्ण वेळापत्रक बनवून आज्ञा पाठवते. (२) लिलाव पद्धतीत प्रत्येक उपग्रह कामावर बोली लावतो. लासलगावच्या कांदा बाजारात सर्वांत चढी बोली जिंकते, येथे सर्वांत कमी खर्चात काम करू शकणारा उपग्रह निवडला जातो. (३) स्वायत्त नियोजनात उपग्रह स्वतः निर्णय घेतात. नासाच्या ईओ-१ (२०००) उपग्रहावर पुढे ज्वालामुखी व पूर ओळखून निरीक्षणक्रम बदलणारी प्रणाली वापरली गेली. नासाच्याच स्टारलिंग मोहिमेत (२०२३) चार लहान उपग्रहांनी परस्परसंपर्क व सामूहिक निर्णय यांच्या चाचण्या केल्या.

भारतातील व्यवस्था : इस्रोच्या भूनिरीक्षण उपग्रहांची माहिती प्रामुख्याने हैदराबादजवळील शादनगर येथे उतरते, उपग्रहांचे नियंत्रण बेंगळूरु येथील इस्ट्रॅककडे आहे. आपत्तीच्या वेळी विविध देशांचे उपग्रह एकत्र कामाला लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय सनदेत इस्रो २००१ मध्ये सामील झाली. या सनदेमुळे ढग किंवा कक्षा यांमुळे एका देशाच्या उपग्रहाला न दिसणारा भाग दुसऱ्याकडून टिपून घेता येतो.