दोन दारांमधलं पाणी

फ्रान्सच्या कालव्यांतून स्वतःची किंवा भाड्याची बोट घेऊन फिरणाऱ्यांच्या दिवसाचा मोठा भाग लॉकमध्ये जातो. बोट उंच भिंतींच्या हौदात शिरते, मागची दारं मिटतात, पुढच्या झडपा उघडल्या की पाणी उसळत आत येतं. शेवाळलेली भिंत बुडत जाते, बोट वर चढते आणि सैल पडणारा दोर सतत ओढून घ्यावा लागतो. उतरताना याच्या उलट, दोर सोडत राहायचा. तो खुंटाला पक्का बांधून ठेवला, तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते.

हे सगळं सुट्टीवर निघालेल्यांसाठी बांधलेलं नव्हतं. लॉकची प्रत्येक पिढी कुठल्या ना कुठल्या मालासाठी जन्माला आली.

पहिली पिढी चीनमधली. इ.स. 984 मध्ये छियाओ वेइयुए या अधिकाऱ्याकडे सरकारी धान्याच्या वाहतुकीची जबाबदारी होती. कालव्याची पातळी बदलेल तिथे होड्या उतरणीवरून दोरांनी ओढून न्याव्या लागत. त्यात होड्या फुटत आणि त्या गोंधळात धान्य चोरीला जाई. त्याने पन्नासएक पावलांच्या अंतरावर दोन दारं बसवली आणि त्यांच्यामधलं पाणी वरखाली करायला सुरुवात केली. इतक्या सुंदर युक्तीच्या मुळाशी चोरीचा बंदोबस्त होता, हे मला मोलाचं वाटतं.

युरोपात मिलानच्या कॅथेड्रलसाठी कांदोलियाच्या खाणीतला संगमरवर माज्जोरे सरोवर, तिचिनो नदी आणि नाविल्यो ग्रांदे कालव्यातून येत असे. शहराच्या खंदकातलं पाणी आणि कालव्याचं पाणी एका पातळीवर नव्हतं, म्हणून पंधराव्या शतकात तिथे लॉक बांधलं गेलं. त्याच शतकाच्या शेवटी त्याच शहरात दाराचं रूप बदललं. श्रेय सहसा लिओनार्दो दा विंचीला देतात. अशा दारांची त्याची रेखाटनं आहेत. वाड्याच्या दरवाजासारख्या दोन फळ्या, पण मिटल्यावर त्या सरळ रेषेत येत नाहीत, वरच्या पातळीच्या पाण्याकडे टोक करून एकमेकींना भिडतात. कडीकोयंडा लागत नाही. पाणी जितकं जोर करतं तितक्या त्या घट्ट बसतात. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की एकटा माणूस लांब दांड्याला पाठ लावून तेच दार ढकलून उघडतो. त्याआधी दहा जणांकडूनही ते हलत नाही.

दार साधलं, तरी डोंगरमाथ्यावर पाणी कुठून आणायचं हा प्रश्न उरला. प्रत्येक बोटीमागे हौदभर पाणी खाली जातं. फ्रान्समधल्या बेझिएचा पिएर-पोल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस होता, स्थापत्याचं शिक्षण त्याला नव्हतं. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचे तर 189 मीटर उंचीच्या नोरूझ खिंडीत पाणी हवं, हे त्याने ओळखलं. मोंताञ न्वारच्या डोंगरातले ओढे वळवून आणि सें-फेरेओलचं धरण बांधून त्याने ते आणलं. या कालव्याची राजाज्ञा 1666 मध्ये निघाली होती. मातीच्या दाबाने लॉकची सरळ भिंत कोसळली, तेव्हा त्याने हौद लंबगोल केले, म्हणजे कमानीसारखा बाक दाब पेलेल. ते बाकदार हौद आजही वापरात आहेत. हा कालवा, कानाल द्यु मिदी, 1681 मध्ये खुला झाला. रिके काही महिने आधीच गेला होता.

पुढे 1879 मध्ये मंत्री फ्रेसिने यांच्या कायद्याने मुख्य कालव्यांच्या लॉकचं माप ठरलं: लांबी 38.5 मीटर, रुंदी 5.2. पेनिश नावाच्या मालबोटी त्याच मापात बांधल्या गेल्या, रुंदी 5.05 मीटर. भिंत आणि बोट यांत दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटीमीटर.

रेल्वे आणि ट्रकनी माल पळवला आणि कालवे ओस पडू लागले. इंग्लंडमध्ये टॉम रोल्ट 1939 मध्ये ‘क्रेसी’ या लाकडी नॅरोबोटीवर बायकोसह राहायला गेला. त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक 1944 मध्ये आलं आणि 1946 मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर एक उचलता पूल गच्च बसला होता. 1947 मध्ये रोल्ट बोट घेऊन तिथे गेला, नौकानयनाचा कायदेशीर हक्क सांगून अडून बसला आणि जॅक लावून पूल वर उचलायला लावला. लॉकवर हौशी बोटवाल्यांचाही हक्क आहे, हे अशा हट्टी माणसांनी मिळवून दिलं.

रिकेचा प्रश्न मात्र तसाच आहे. कोरड्या उन्हाळ्यात फ्रान्सचे लॉकवाले एकट्या बोटीसाठी दार उघडायचं टाळतात. आणखी दोन-तीन बोटी येईपर्यंत थांबवतात आणि एकाच हौदभर पाण्यात सगळ्यांना मिळून सोडतात.