सात जणांची समिती

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की मृत्यू जवळजवळ ठरलेलाच, अशी १९६० पर्यंत स्थिती होती. त्या वर्षी अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. डायलिसिस वर्षानुवर्षे करणे शक्य झाले.

१९६२ मध्ये तिथे केंद्र सुरू झाले. यंत्रे मोजकी, रुग्ण कितीतरी. डॉक्टरांच्या चाळणीनंतर अखेरची निवड सात जणांची समिती करी. तीत वकील, धर्मोपदेशक, गृहिणी, कामगार पुढारी असे लोक होते. नावे गुप्त. रुग्णाचे वय, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, चर्चमधला वावरही पाहिला जाई. ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच वर्षी हे छापले आणि वाद पेटला.

ही माणसे दुष्ट नव्हती. पण त्यांनी आपल्यासारख्यांचेच माप सर्वांना लावले. एखादा फाटका कवी त्या मापात बसला असता का?

१९७२ च्या कायद्याने बहुतेक रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्याकडे गेला आणि अशा निवडीची गरज सरली.

प्रत्यारोपणासाठी मूत्रपिंडे मात्र आजही अपुरी आहेत. महाराष्ट्रात मरणोत्तर दानातून आलेल्या मूत्रपिंडाचे वाटप प्रतीक्षायादी आणि ठरलेल्या गुणांनुसार होते. डायलिसिसवर काढलेला काळ मोजतात, धर्म आणि मिळकत नाही. ही मोठी कमाई आहे. पण पैशाअभावी ज्याचे नाव यादीपर्यंत पोचतच नाही, त्याला कोणत्या समितीने नाकारले म्हणायचे?