लाओस : भातखाचरात राहिलेलं युद्ध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लाओस हा देश नकाशावर पटकन सापडत नाही. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार या पाच शेजाऱ्यांच्या मधोमध तो बसला आहे. त्याला समुद्र नाही. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास तीन चतुर्थांश, पण लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईहून कमी. आपली मंडळी हल्ली बँकॉकला जातात, अंगकोर बघतात, व्हिएतनामही करून येतात. लाओस मात्र राहून जातो. इतिहासाच्या पुस्तकांतही त्याचं तसंच झालं आहे.

जून महिन्यात मी या देशात दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरलो. बरोबर एक तरुण लाओ गाईड होता. लहानपणी काही वर्षं तो विहारात श्रामणेर म्हणून राहिलेला, इंग्रजीही तिथेच शिकलेला. तो मला 'लुंग' म्हणायचा. लुंग म्हणजे थोरले काका. त्याच्या ओळखीपाळखीमुळे देवळं-राजवाड्यांबरोबर गावं आणि शेतंही पाहता आली. त्या वाटेवर लाओसचा इतिहास जसा भेटत गेला, तसा सांगतो.

सुरुवात चंपासाकपासून करू. दक्षिणेकडच्या या प्रांतात मेकाँग नदीपासून जवळच एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर निसर्गानेच एक सुळका उभा केला आहे, अगदी शिवलिंगासारखा. जुन्या लोकांनी त्या डोंगराला लिंगपर्वत असंच नाव दिलं होतं. त्याच्या उतारावर 'वाट फू' नावाचं मंदिर आहे. आज दिसणारं बांधकाम बहुतेक अकराव्या-बाराव्या शतकातलं, ख्मेर राजांच्या काळचं. कड्यातून पाझरणारं पाणी दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून शिवलिंगावर सोडलेलं होतं. आज गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत. देव बदलले, झरा तोच आहे, आणि भाविक ते पाणी अजूनही तीर्थ म्हणून डोक्याला लावतात. २००१ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आलं. इथल्या ढासळत्या वास्तूंच्या डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचाही हात आहे.

याच परिसरात पाचव्या शतकातला एक संस्कृत शिलालेख सापडला. देवानीक नावाच्या राजाने इथे एक तीर्थ स्थापलं आणि त्याला नाव दिलं कुरुक्षेत्र. हे कळल्यावर मी तिथल्या पायरीवर जरा बसलोच. आपल्याला कुरुक्षेत्र म्हटलं की अठरा दिवसांचं युद्ध आठवतं. इतक्या दूरच्या त्या राजाच्या मनात पुण्यक्षेत्र होतं. पण नावाला असलेला दुसरा अर्थ काही सुटत नाही. दीड हजार वर्षांनी याच देशाच्या नशिबी तोही आला.

भारताशी असलेला हा धागा भाषेतही सापडतो. लाओ भाषेत भाषेला 'फासा' म्हणतात, गुरूला 'खू', वाटसरूंच्या विसाव्याच्या मांडवाला 'साला', म्हणजे आपली शाळा. पुण्य झालं आहे 'बुन'. गंमत अशी की सणालाही बुनच म्हणतात. सण साजरा करणं हेच पुण्य! रामायणही इथे आहे, पण नाव 'फ्रा लाक फ्रा लाम'. लक्ष्मण आधी, राम नंतर. आणि कथा घडते ती मेकाँगच्या काठाने.

मेकाँगच्याच काठाने वर गेलं की राजधानी व्हिएन्तियान लागते. लाओ लोकांचं पहिलं मोठं राज्य फा न्गुम या राजाने १३५३ साली उभं केलं. तो अंगकोरच्या दरबारात वाढला होता. राज्याचं नाव ठेवलं 'लान सांग', म्हणजे दहा लाख हत्ती. राजधानी आधी उत्तरेला लुआंग प्राबांगला होती, १५६० मध्ये ती व्हिएन्तियानला आली. १७०७ मध्ये राज्याचे तुकडे पडले आणि पुढे सयाम, म्हणजे आजचं थायलंड, बलवान झालं. सयामच्या वर्चस्वाविरुद्ध राजा आनुवोंगने १८२६ मध्ये उठाव केला, तो फसला. १८२८ मध्ये सयामी फौजांनी व्हिएन्तियान जाळून उजाड केलं आणि तिथली माणसं नदीपलीकडे नेऊन वसवली. आज लाओसमध्ये जितके लाओ भाषक आहेत, त्याहून किती तरी अधिक थायलंडच्या ईशान्य भागात आहेत, त्यामागे हाही इतिहास आहे. त्या आगीतून वाट सिसाकेत हे देऊळ वाचलं. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतीत छोट्या छोट्या कोनाड्यांत हजारो बुद्धमूर्ती ओळीने बसल्या आहेत. १८९३ मध्ये फ्रेंच आले आणि हा प्रदेश त्यांच्या इंडोचायनात गेला.

व्हिएन्तियानमध्ये असताना शुक्रवार आला. कारंज्याच्या चौकामागे एका गल्लीत जामा मशीद आहे, तमिळ मुसलमानांच्या वस्तीतून वाढलेली. फ्रेंचांच्या काळात तमिळ मंडळी पाँडिचेरीकडून इंडोचायनात व्यापाराला, नोकरीला गेली, त्यांतली काही इथे राहिली. त्या मशिदीत नमाज पढताना परदेशात असल्यासारखं वाटलं नाही. शेजारच्या विहारातली घंटा आणि ही अजान एकमेकींना गेली कित्येक वर्षं ऐकत आली आहेत.

आता शहर सोडून खेड्यात येऊ, कारण लाओस खरा तिथे आहे. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला 'जेवलात का?' असं विचारतात. लाओ माणूसही हेच विचारतो, फक्त शब्दशः 'भात खाल्ला का?' असं. हा भात चिकट जातीचा. रात्रभर भिजवलेले तांदूळ बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरून वाफवतात आणि झाकणाच्या छोट्या परडीत ठेवतात. त्या परडीला 'तिप खाओ' म्हणतात. शेतावर जाणाऱ्याच्या खांद्याला ती लटकलेली असते. हाताने गोळा तोडायचा, चटणीला लावायचा आणि खायचा. १९९५ ते २००० या काळात लाओसच्या खेड्यापाड्यांतून भातबियाण्याचे १३ हजारांहून अधिक नमुने गोळा केले गेले. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या बियाणे पेढीत भारताच्या खालोखाल लाओसचेच नमुने आहेत. एवढ्याशा देशाने एवढं बियाणं घराघरातून जपलं, हाही इतिहासच की!

पेरणीच्या तोंडाशी, मे महिन्याच्या सुमारास, 'बुन बांग फाय' नावाचा सण येतो. बांबूच्या नळ्यांत दारू ठासून गावकरी अग्निबाण तयार करतात आणि गाणी म्हणत, नाचत ते आकाशात सोडतात. का? तर आकाशातल्या देवाला आठवण करून द्यायला, की बाबा, पाऊस पाड. आपल्याकडे धोंडी काढतात, पावसासाठी नमाज पढतात, तसंच हे. आणखी एक रीत मला फार आवडली. पाहुणा आला, कुणी आजारातून उठलं, मूल झालं, तर 'बासी' करतात. माणसात ३२ प्राण असतात आणि ते इकडे तिकडे भरकटतात अशी समजूत आहे. त्यांना परत बोलावून मनगटावर पांढरा दोरा बांधायचा. एका आजीबाईंनी माझ्या हाताला तो बांधला, तेव्हा लहानपणी दर्ग्यात बांधलेला गंडा आठवला.

आकाशाकडे पाऊस मागणाऱ्या या लोकांवर आकाशातून काय पडलं, ते कळायला ईशान्येच्या सिएंग ख्वांग प्रांतात जावं लागतं. हे उंचावरचं गवताळ पठार आहे. त्यावर जागोजागी दगडी रांजण आहेत. एकाच दगडात कोरलेले, काही माणसाहून उंच. नव्वदहून अधिक ठिकाणी मिळून दोन हजारांवर रांजण आहेत. लोककथा सांगते की, एका राजाने विजयोत्सवासाठी त्यांत तांदळाची दारू मुरवली. माद्लेन कोलानी या फ्रेंच संशोधक बाईंनी १९३० च्या दशकात उत्खनन केलं आणि ते दफनविधीशी जोडलेले आहेत असं दाखवलं. ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत. २०१९ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पण रांजणांच्या मधोमध मोठमोठे खड्डे आहेत, गवताने भरून आलेले. आणि पायवाटेवर विटा पुरलेल्या आहेत, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. पांढऱ्या बाजूने चालायचं. लाल बाजूला जायचं नाही. तिकडची जमीन पूर्ण तपासलेली नाही.

हे कसं घडलं? १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर लाओसमधल्या शांततेवर देखरेख करायला एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. १९६२ मध्ये पुन्हा जिनिव्हातच १४ देशांनी लाओस तटस्थ राहील, तिथे कुणी फौजा ठेवणार नाही, असं मान्य केलं. सही करणाऱ्यांत भारत होता, अमेरिका होती, उत्तर व्हिएतनामही होता. तो कागद फार दिवस टिकला नाही. उत्तर व्हिएतनामच्या फौजा लाओसच्या पूर्वेकडच्या जंगलातून दक्षिणेकडे रसद नेत राहिल्या, तोच हो चि मिन्ह मार्ग. इथले कम्युनिस्ट, पाथेट लाओ, त्यांच्या बाजूला होते. अमेरिकेच्या सीआयएने डोंगरातल्या ह्मोंग लोकांची फौज उभारली आणि वरून विमानं पाठवली. तटस्थ देशावर उघड युद्ध करता येत नव्हतं, म्हणून ते गुपचूप केलं, आपल्याच जनतेपासून लपवून.

आकडे सांगतो. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या झाल्या आणि २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब, दिवसरात्र, नऊ वर्षं. माणशी हिशेब केला तर जगात इतके बॉम्ब दुसऱ्या कुठल्याही देशाने झेललेले नाहीत. पठारावरच्या लोकांनी गुहांत संसार थाटले, शेती रात्री केली. थाम पियू नावाच्या एका गुहेत २४ नोव्हेंबर १९६८ रोजी अग्निबाण शिरला. आत आसऱ्याला असलेली ३७४ माणसं गेली, असं तिथलं स्मारक सांगतं.

१९७३ मध्ये युद्धबंदी झाली. २ डिसेंबर १९७५ ला राजेशाही जाऊन कम्युनिस्ट सरकार आलं. त्यानंतरही लोकांचे हाल संपले नाहीत. विरोधकांना छावण्यांत डांबलं, शेवटच्या राजाचा अंतही तशाच छावणीत झाला, आणि देशाची सुमारे एक दशांश माणसं परागंदा झाली. इतिहासाच्या पुस्तकात युद्धाचं प्रकरण इथे संपतं. शेतात ते संपलेलं नाही.

कारण त्या बॉम्बांत एक प्रकार होता, मोठ्या पेटाऱ्यासारखा. हवेत तो उघडायचा आणि त्यातून सहाशेहून अधिक छोटे गोळे विखरायचे. अशा सुमारे २७ कोटी गोळ्यांपैकी ८ कोटींच्या आसपास तेव्हा फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. ते मातीत रुतले. लाओ लोक त्यांना 'बोंबी' म्हणतात. आकार लहान मोसंब्याएवढा. पोरांना तो चेंडू वाटतो. नांगराचा फाळ लागला, कुदळ लागली, वर चूल पेटवली, की तो फुटतो. युद्ध संपल्यानंतर अशा स्फोटांत २० हजारांहून अधिक माणसं मेली वा जायबंदी झाली. त्यांत मुलं फार.

महाभारतात युद्ध संपल्यावर अश्वत्थामा अस्त्र सोडतो, आणि ते उत्तरेच्या पोटातल्या, अजून न जन्मलेल्या बाळावर सोडतो. लाओसमध्ये पडलेले ते गोळे तसेच. ज्या मुलाचा पाय परवा गेला, त्याच्या बापाचाही जन्म त्या विमानांनंतरचा असतो. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या सातपुड्यातल्या लोकांना ठाऊक आहे. इथे शाप अस्त्र सोडणाऱ्याला लागला नाही, ज्यांच्यावर पडलं त्यांनाच लागला.

माणसांनी यातूनही संसार केला. बॉम्बच्या रिकाम्या कवचांचे कोठारांना खांब केले, कुंपणं केली, त्यांत माती भरून कांदापात लावली. ना पिया नावाच्या गावात बॉम्बचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. एक चमचा मीही आणला आहे. हलका आहे, पण हातात धरला की जड लागतो. मात्र याचं कौतुक जपून करावं. भंगार वेचण्यातही माणसं मेली आहेत. गरिबी नसती तर बॉम्बला हात लावायला कोण गेलं असतं?

सफाई चालू आहे. १९९६ पासून लाओसची स्वतःची यंत्रणा काम करते, बाहेरच्या संस्थाही करतात. त्यांच्या पथकांत गावातल्या बायाही आहेत. यंत्र हातात घेऊन वावराचा एकेक पट्टा तपासायचा, हे काम घाईचं नाही. २०१६ मध्ये ओबामा आले. पदावर असताना लाओसला गेलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. सफाईसाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देण्याचं त्यांनी जाहीर केलं. असे बॉम्ब बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या सदस्य देशांची पहिली बैठक मुद्दाम व्हिएन्तियानमध्ये घेतली गेली. त्या करारावर अमेरिकेने सही केलेली नाही, रशियाने नाही, चीनने नाही. आपणही नाही. एके काळी लाओसच्या शांततेवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद आपल्याकडे होतं, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट अधिक टोचते.

निघण्याआधी एका शेतकऱ्याच्या खाचरावर गेलो होतो. लावणी चालली होती. घरातली सगळी गुडघाभर चिखलात, वाकून रोपं रोवत होती. जमीन तपासून झाली आहे का, असं मी गाईडकरवी विचारलं. अर्धी झाली आहे, अर्धीची पाळी यायची आहे, असं तो म्हणाला. मग त्या अर्ध्या तुकड्याचं काय? तिथे तो फाळ खोल घालत नाही, वीतभरच माती हलवतो. पण भात दोन्हीकडे लावतो. अर्ध्या शेतावर घर भागत नाही.