वायमार संविधान

वायमार संविधान : पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनीत स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाचे संविधान. ते १४ ऑगस्ट १९१९ रोजी अंमलात आले. ज्या राष्ट्रीय सभेने ते तयार केले, तिची अधिवेशने मध्य जर्मनीतील वायमार या नगरात भरली. त्यावरून संविधानास व पुढे प्रजासत्ताकासही हे नाव रूढ झाले. प्रौढ स्त्री-पुरुषांना समान मताधिकार, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष आणि सामाजिक हक्कांची विस्तृत सनद यांमुळे तत्कालीन प्रगत संविधानांत त्याची गणना होत असे. तथापि त्यातील आणीबाणीच्या अधिकारांच्या आधारेच चौदा वर्षांच्या आत जर्मनीतील संसदीय शासन संपुष्टात आले. संविधान लिखित रूपात कायम असतानाही त्याने निर्माण केलेल्या संस्था कशा निष्प्रभ होऊ शकतात, याचे हे ठळक ऐतिहासिक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : १८७१ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्यात राइख्‌स्टाग हे लोकनियुक्त सभागृह होते, परंतु चॅन्सेलर सम्राटास जबाबदार असे, सभागृहास नव्हे. युद्धात पराभव दिसू लागल्यावर ऑक्टोबर १९१८ मध्ये घटनात्मक सुधारणा करून चॅन्सेलरला राइख्‌स्टागचा विश्वास आवश्यक ठरविण्यात आला. पण ही सुधारणा फार उशिरा झाली. नोव्हेंबरच्या प्रारंभी कील येथील नाविकांनी बंड पुकारले आणि त्याचे लोण देशभर पसरले. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी सम्राट दुसरा विल्यम याच्या पदत्यागाची घोषणा झाली व सामाजिक लोकशाही पक्षाचा नेता फिलिप शायडेमान याने बर्लिन येथे प्रजासत्ताकाची घोषणा केली.

हंगामी शासनाचा प्रमुख फ्रीड्रिख एबर्ट याने संविधानाचा मसुदा तयार करण्याचे काम विधिज्ञ ह्यूगो प्रॉइस याच्यावर सोपविले. राष्ट्रीय सभेसाठी १९ जानेवारी १९१९ रोजी निवडणूक झाली. राष्ट्रीय निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी प्रथमच मतदान केले, ते या वेळी. सामाजिक लोकशाही पक्ष, कॅथलिक मध्य पक्ष व जर्मन लोकशाही पक्ष या प्रजासत्ताकवादी तीन पक्षांना मिळून तीनचतुर्थांशांहून अधिक मते पडली. बर्लिनमधील सशस्त्र संघर्षामुळे सभेचे कामकाज वायमार येथे ६ फेब्रुवारी रोजी सुरू झाले व ११ फेब्रुवारी रोजी सभेने एबर्टची राष्ट्राध्यक्षपदी निवड केली. ३१ जुलै १९१९ रोजी २६२ विरुद्ध ७५ मतांनी संविधान संमत झाले आणि ११ ऑगस्ट रोजी एबर्टने त्यावर स्वाक्षरी केली.

शासनसंस्था : संविधानात एकूण १८१ अनुच्छेद होते. पहिल्या भागात राज्याची रचना व कार्ये, तर दुसऱ्या भागात नागरिकांचे मूलभूत हक्क व कर्तव्ये यांचा समावेश होता. राज्याची सत्ता लोकांपासून उद्‌भवते, हे तत्त्व पहिल्याच अनुच्छेदात नमूद केले होते.

राइख्‌स्टाग हे कायदे करणारे प्रमुख सभागृह होते. त्याची मुदत चार वर्षांची असून मताधिकाराची वयोमर्यादा वीस वर्षे होती. १९२० च्या निवडणूक कायद्यानुसार दर साठ हजार मतांमागे पक्षास एक जागा मिळे. त्यामुळे सभासदसंख्या मतदानाप्रमाणे कमीअधिक होई. लहान पक्षांनाही या पद्धतीत सहज प्रवेश मिळे. घटकराज्यांचे प्रतिनिधित्व राइख्‌सराट या परिषदेकडे होते. प्रशिया हे सर्वांत मोठे राज्य असल्याने त्याचे वर्चस्व होऊ नये, म्हणून कोणत्याही एका राज्यास दोनपंचमांशांहून अधिक मते मिळणार नाहीत, असे बंधन होते.

राष्ट्राध्यक्षाची निवड सर्व मतदारांनी प्रत्यक्ष मतदानाने सात वर्षांसाठी करावयाची होती. संसदेतील पक्षांना तोल म्हणून लोकांचा थेट पाठिंबा असलेले पद असावे, असा यामागील विचार होता व समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने त्याचा आग्रहाने पुरस्कार केला होता. राष्ट्राध्यक्ष चॅन्सेलरची नेमणूक करी व त्यास पदच्युतही करू शके. तो सेनादलांचा सरसेनापती होता आणि अनुच्छेद २५ अन्वये त्यास राइख्‌स्टाग विसर्जित करता येई. मात्र एकाच कारणासाठी एकदाच, असे बंधन त्यावर होते. दुसऱ्या बाजूस अनुच्छेद ५४ अन्वये चॅन्सेलर व मंत्री यांना राइख्‌स्टागचा विश्वास आवश्यक असून अविश्वासाचा ठराव संमत झाल्यास त्यांना राजीनामा द्यावा लागे. अशा रीतीने मंत्रिमंडळ एकाच वेळी दोन सत्तांवर अवलंबून होते. या दोहोंत एकवाक्यता नसेल तर कोणाचा शब्द अखेरचा, याचा निर्णय संविधानाने स्पष्टपणे दिला नव्हता.

मूलभूत हक्क : व्यक्तिस्वातंत्र्य, मतस्वातंत्र्य, सभा व संघटना यांचे स्वातंत्र्य यांबरोबरच या संविधानाने सामाजिक व आर्थिक हक्कांनाही स्थान दिले. स्त्री-पुरुषांना तत्त्वतः समान नागरी हक्क व कर्तव्ये असतील, राज्याचा अधिकृत धर्मपंथ असणार नाही, मालमत्तेबरोबर कर्तव्यही येते, काम न मिळाल्यास निर्वाहाची तरतूद केली जाईल, यांसारखी कलमे त्यात होती. मात्र त्यांपैकी अनेक कलमे भावी कायद्यांना दिशा दाखविणारी असून न्यायालयामार्फत बजावता येण्याजोगी नव्हती. तसेच राइख्‌स्टागमध्ये दोनतृतीयांश सभासदांची उपस्थिती व उपस्थितांपैकी दोनतृतीयांशांची संमती असल्यास संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करता येत असे.

अनुच्छेद ४८ : सार्वजनिक सुरक्षितता व सुव्यवस्था यांना गंभीर धोका निर्माण झाल्यास राष्ट्राध्यक्षाने आवश्यक ते उपाय योजावेत, प्रसंगी सैन्याचा वापर करावा आणि व्यक्तिस्वातंत्र्य, निवासस्थानाची अलंघ्यता, पत्रव्यवहाराची गुप्तता, मतप्रदर्शन, सभा, संघटना व मालमत्ता यांसंबंधीचे सात हक्क तात्पुरते स्थगित करावेत, असा अधिकार या अनुच्छेदाने दिला. त्यावर तीन नियंत्रणे होती : आदेशावर चॅन्सेलरची किंवा संबंधित मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती, आदेशाची माहिती राइख्‌स्टागला तत्काळ द्यावी लागे, आणि राइख्‌स्टागने मागणी केल्यास आदेश रद्द करणे बंधनकारक होते. या अधिकाराचा तपशील स्वतंत्र कायद्याने ठरवावा, असेही त्यात म्हटले होते. पण तो कायदा अखेरपर्यंत झालाच नाही. मुख्य नियंत्रण राइख्‌स्टागकडे होते आणि राइख्‌स्टाग विसर्जित करण्याचा अधिकार, ज्याच्यावर नियंत्रण ठेवावयाचे त्या राष्ट्राध्यक्षाकडेच होता. अनुच्छेद २५ व ४८ यांच्या संयोगातील हा दोष प्रारंभी फारसा जाणवला नाही.

प्रारंभीचा काळ (१९१९–२९) : एबर्टने अनुच्छेद ४८ चा शंभराहून अधिक वेळा वापर केला. मार्च १९२० मधील काप याचा उठाव, १९२३ मधील फ्रान्स व बेल्जियम यांनी केलेला रूर प्रदेशाचा कब्जा, चलनाची अभूतपूर्व घसरण आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्यूनिक येथे केलेला फसलेला उठाव, अशा संकटांतून प्रजासत्ताक तरून गेले. एबर्टची प्रजासत्ताकावर निष्ठा होती व राइख्‌स्टागचे बहुमत सामान्यतः शासनाच्या पाठीशी असे. त्यामुळे आणीबाणीचे अधिकार संविधानाच्या रक्षणार्थ वापरले गेले. मात्र आर्थिक प्रश्नही याच मार्गाने सोडविण्याचा पायंडा १९२३ मध्ये पडला. एबर्ट २८ फेब्रुवारी १९२५ रोजी मरण पावला. त्यानंतर एप्रिलमध्ये महायुद्धातील सेनानी पाउल फोन हिंडेनबुर्क राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. तो वृत्तीने राजसत्तावादी होता. तथापि आरंभीची काही वर्षे त्याने संविधानाची चौकट पाळली.

संसदीय शासनाचा ऱ्हास (१९३०–३२) : जागतिक मंदीमुळे बेकारी वाढली. बेकारी-विम्याच्या वर्गणीवरून मतभेद होऊन हेर्मान म्यूलर याचे संयुक्त मंत्रिमंडळ मार्च १९३० मध्ये पडले. राइख्‌स्टागच्या बहुमताचा आधार असलेले हे अखेरचे शासन ठरले. त्यानंतर हिंडेनबुर्कने हाइन्‍रिख ब्रूनिंग यास चॅन्सेलर नेमले. जुलैमध्ये त्याचे वित्तविषयक विधेयक राइख्‌स्टागने फेटाळले, तेव्हा तेच उपाय अनुच्छेद ४८ खाली आदेशाने लागू करण्यात आले. राइख्‌स्टागने १८ जुलै रोजी संविधानाप्रमाणे आदेश रद्द करण्याची मागणी संमत केली. त्याच दिवशी राइख्‌स्टाग विसर्जित करण्यात आले व सुधारित आदेश पुन्हा काढण्यात आला. १४ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

यानंतर आदेशाने राज्य करणे ही नित्याची पद्धती बनली. १९३१ मध्ये राइख्‌स्टागने ३४ कायदे केले, तर आणीबाणीचे ४४ आदेश निघाले. १९३२ मध्ये कायद्यांची संख्या पाचवर आली. नाझींचा धोका ओळखून सामाजिक लोकशाही पक्षाने ब्रूनिंगचे आदेश नाइलाजाने चालू दिले. पण त्यामुळे संसदेची जबाबदारी स्वीकारण्याची सवयच मोडली. मे १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा विश्वास गमावल्याने ब्रूनिंगला जावे लागले व फ्रांट्स फोन पापेन चॅन्सेलर झाला. २० जुलै रोजी अनुच्छेद ४८ चाच आधार घेऊन प्रशियाचे शासन बाजूस सारण्यात आले. ३१ जुलैच्या निवडणुकीत नाझी पक्षाला २३० जागा मिळून तो सर्वांत मोठा पक्ष बनला. १२ सप्टेंबर १९३२ रोजी राइख्‌स्टागने पापेनवर ५१२ विरुद्ध ४२ मतांनी अविश्वास दर्शविला. परंतु विसर्जनाचा आदेश आधीच तयार होता. राइख्‌स्टाग आणीबाणीचा आदेश रद्द करण्याची मागणी करील, असा धोका आहे, हेच कारण त्यात नमूद केले होते. संविधानाने दिलेले नियंत्रण वापरण्याची शक्यता हीच सभागृहाच्या विसर्जनाचे कारण ठरली.

अखेर (१९३३–३४) : नोव्हेंबर १९३२ मधील निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १९६ पर्यंत घटल्या, तरी राष्ट्राध्यक्षाच्या निकटवर्तियांनी केलेल्या वाटाघाटींमधून ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरची चॅन्सेलरपदी नेमणूक झाली. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइख्‌स्टागच्या इमारतीस आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी अनुच्छेद ४८ खाली सातही हक्क पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात आले. विरोधकांची धरपकड चालू असताना ५ मार्च रोजी निवडणूक झाली. तरीही नाझी पक्षास ४३·९ टक्केच मते मिळाली.

२३ मार्च १९३३ रोजी शासनास संसदेवाचून कायदे करण्याचा, प्रसंगी संविधानाशी विसंगत कायदे करण्याचाही अधिकार देणारा अधिनियम राइख्‌स्टागपुढे आला. ८१ कम्युनिस्ट सभासदांना बैठकीस येणे अशक्य करण्यात आले होते व सभागृहात नाझी पक्षाचे गणवेषधारी पथक उभे होते. मध्य पक्षासह इतर पक्षांनी अनुकूल मते दिली. केवळ सामाजिक लोकशाही पक्षाच्या उपस्थित ९४ सभासदांनी विरोध केला. ४४४ मते बाजूने पडली. राइख्‌सराट फेब्रुवारी १९३४ मध्ये रद्द करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये हिंडेनबुर्कच्या मृत्यूबरोबर राष्ट्राध्यक्षाचे अधिकार हिटलरकडे गेले. नाझी राजवटीने वायमार संविधान औपचारिक रीत्या कधीही रद्द केले नाही; तशी आवश्यकताच उरली नव्हती.

मूल्यमापन व प्रभाव : प्रजासत्ताकाच्या पतनास आर्थिक मंदी, व्हर्सायच्या तहाविषयीचा रोष, नोकरशाही, न्यायसंस्था व सैन्य यांतील राजसत्तावादी प्रवृत्ती अशी अनेक कारणे होती, केवळ संविधानास दोष देणे योग्य ठरणार नाही. परंतु आदेशाचा सोपा मार्ग उपलब्ध असल्याने पक्षांना तडजोडीने बहुमत उभारण्याची निकड भासली नाही आणि नियंत्रण करणारी संस्था नियंत्रित सत्तेच्या मर्जीवर राहिली, हे दोष निर्णायक ठरले.

पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात या अनुभवाचा ठसा स्पष्ट दिसतो. राष्ट्राध्यक्षाची निवड अप्रत्यक्ष झाली. नवा चॅन्सेलर निवडल्याशिवाय जुन्यास दूर करता येणार नाही, असे ठरले. मानवी प्रतिष्ठा व लोकशाही यांची मूलतत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आणि स्वतंत्र संघीय संविधान न्यायालय स्थापन झाले. १९६८ च्या दुरुस्तीने आणीबाणीच्या तरतुदी करताना, संरक्षणविषयक आणीबाणीत संसदेचे विसर्जन करता येणार नाही, असे स्पष्ट बंधन घालण्यात आले. धर्मसंस्थांविषयीचे वायमारचे पाच अनुच्छेद मात्र या कायद्याचा भाग म्हणून आजही अंमलात आहेत.

भारताच्या संविधान सभेत १९४९ मध्ये आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा झाली, तेव्हा हरी विष्णू कामत यांनी वायमारच्या उदाहरणाकडे लक्ष वेधून धोक्याचा इशारा दिला होता. संविधानदुरुस्तीच्या अधिकारावरील अंगभूत मर्यादांविषयी जर्मन विधिज्ञ डीट्रिख कोनराड यांनी मांडलेल्या विचारांचा उल्लेख १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातील न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या निर्णयात आढळतो. १९७५–७७ मधील आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, लोकसभेने नापसंतीचा ठराव केल्यास आणीबाणीची उद्‌घोषणा मागे घेणे बंधनकारक केले, ठरावाच्या विचारार्थ खास बैठकीची मागणी करण्याचा हक्क एकदशांश सभासदांना दिला आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावण्याची दाद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.