गुडघेबदलाचा इतिहास आणि आपल्याकडचा 'वात'

पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

राजगडाची पाली दरवाज्याची वाट बाकीच्या वाटांपेक्षा सोपी, पायऱ्याही रुंद. तरी पायथ्याच्या आमच्या गावांत पन्नाशीच्या कितीतरी बाया खालूनच गडाला हात जोडतात. विचारलं की उत्तर एकच, "वात धरलाय."

पण वात दोन तऱ्हेचा. एक वयाची झीज. दुसरा आमवात, म्हणजे डॉक्टरांचा रुमॅटॉइड. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटं सकाळी तासभर आखडतात, दोन्ही हात सारखे सुजतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांत हा जास्त. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात आमवाताचं वेगळं प्रकरणच आहे. आपण मात्र सगळं एकाच गाठोड्यात बांधतो.

1996 साली आपल्याच जिल्ह्यात, भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ तपासले. शंभरात अठरा जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं, आणि रुमॅटॉइड साधारण दोनशेत एकाला. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात पाच जण. ही पाच माणसं आपल्याला ठाऊक आहेत का?

आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया 1974 साली न्यूयॉर्कमध्ये पडला. ते काम करणाऱ्यांत इन्सॉल यांच्याबरोबर आपल्या देशातले डॉ. चित्तरंजन राणावत होते. सुरुवातीच्या काळात या ऑपरेशनला येणाऱ्यांत रुमॅटॉइडवाले पुष्कळ असत, कारण रोग रोखणारं चांगलं औषध हाताशी नव्हतं. पुढे मेथोट्रेक्सेट रुळलं आणि चित्र पालटलं. (हे औषध डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतलं. माणूस आपला, नाव किती जणांनी ऐकलंय?) ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते.

ऑक्टोबर 2000 मध्ये राणावतांनीच मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, आणि 'गुडघा बदलता येतो' हे पारावर पोचलं. वाजपेयींचं दुखणं झिजेचं होतं. इकडे पुण्यात डॉ. के. एच. संचेतींनी भारतीय माणसासाठी 'इंडस' गुडघा घडवला. आपली हाडं लहान आणि बसणं मांडी घालून, हा विचार परदेशी कंपन्यांनी कशाला करावा?

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा 54,720 रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. निर्णय चांगलाच. पण लगाम फक्त सांध्याला. खोली, भूल, व्यायाम यांचं बिल मोकळंच राहिलं, आणि आमच्याकडून पुण्याला खेपा घालायच्या त्या वेगळ्याच.

रुमॅटॉइडमध्ये हे ऑपरेशन जरा वेगळं असतं. जंतुसंसर्गाचा धोका जास्त. मानेचे मणके ढिले झालेले असू शकतात, म्हणून भूल देण्याआधी मान तपासून घ्यावी लागते. मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात, काही महागडी इंजेक्शनं मात्र आधी थांबवतात. आणि बोटंच वाकडी असतील तर वॉकर धरायचा कसा, हेही आधीच ठरवावं लागतं.

घरात कुणाची बोटं रोज सकाळी आखडत असतील, तर या लावणीनंतर त्यांना संधिवाताच्या डॉक्टरकडे न्या. जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं, गावातल्या वैदूची पुडीसुद्धा, पिशवीत टाका.