भोंग्याचे स्थलांतर : दरवाजापासून तळहातापर्यंत

मोटारीचा इतिहास लिहिणारे लेखक इंजिन, वेग आणि कारखाने यांविषयी पुष्कळ लिहितात. चालकाचा हात कोठे होता, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वास्तविक रस्त्यावरच्या माणसांचे परस्परसंबंध घडवण्यात या हाताच्या जागेचा वाटा लहान नाही. प्रस्तुत लेखात आम्ही एकाच वस्तूचा माग काढणार आहोत. हॉर्न वाजवण्याची कळ मोटारीत कोठे होती, ती सरकत सरकत स्टिअरिंगच्या मध्यावर कशी आली आणि या प्रवासात काय मिळाले, काय हरवले, एवढाच आमचा विषय आहे. आमच्यापैकी एकजण अमरावतीस शिकवतो, दुसरा अकोल्यास. या दोन शहरांना जोडणारा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता आमच्या नित्याच्या वहिवाटीचा असल्याने या जागतिक इतिहासाचे वऱ्हाडी प्रकरणही आम्हांस जवळून पाहता आले.

मोटार येण्यापूर्वी वऱ्हाडातला रस्ता मुका होता असे समजण्याचे कारण नाही. कापसाची बंडी किंवा माणसांची दमणी येत असल्याचे लांबूनच कळे, कारण बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असत. या आवाजाचे वैशिष्ट्य असे की, तो धुरकऱ्याच्या हातात नसून बैलाच्या चालीत होता. बैल चालला की माळ वाजे, थांबला की थांबे. समोरच्या माणसावर राग काढण्यासाठी घुंगरू वाजवण्याची सोय धुरकऱ्याला नव्हती. तो आवाज "आम्ही येथे आहोत" एवढेच सांगे. "तू बाजूला हो" असे तो म्हणत नसे.

ब्रिटनमध्ये १८९६ साली हलक्या मोटारवाहनांसाठी जो कायदा झाला, त्यानेही वाहनाकडून याहून फारशी वेगळी अपेक्षा केली नव्हती. वाहनाचे येणे किंवा त्याचे स्थान ऐकू येईल अशा रीतीने पुरेसे कळवणारी घंटा किंवा तत्सम साधन गाडीवर असावे, असे त्यात म्हटले होते. नवलाची गोष्ट म्हणजे आपल्या १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९व्या नियमाची शब्दरचना जवळपास तीच आहे. तेथेही वाहनाचे येणे किंवा स्थान पुरेसे ऐकू येईल अशी सूचना देणे, हेच हॉर्नचे काम सांगितले आहे. म्हणजे सुमारे शंभर वर्षांत कायद्याच्या लेखी हॉर्नचा हेतू बदललेला नाही. बदलली ती त्याची जागा.

आरंभीच्या मोटारींना रबरी फुग्याचा भोंगा असे. पितळी नळीच्या एका टोकास फुगा, आत एक पातळ पत्ती आणि दुसऱ्या टोकास कर्ण्यासारखे तोंड, अशी त्याची रचना. फुगा दाबला की हवा पत्तीवरून जाई आणि ती थरथरून आवाज निघे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने हा भोंगा बहुधा त्याच्या उजव्या बाजूस, दरवाजाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला असे. वळण्याची किंवा थांबण्याची खूणही उजवा हातच बाहेर काढून करावी लागे. त्यामुळे एकाच हातावर स्टिअरिंग, भोंगा आणि खुणा अशी तीन कामे येत. भोंगा वाजवायचा तर स्टिअरिंग सोडावे लागे. ही अडचण होती यात शंका नाही. परंतु या अडचणीतच एक विचाराचा क्षण दडलेला होता. हात उचलण्यापूर्वी "गरज आहे काय?" हा प्रश्न चालकाला, नकळत का होईना, स्वतःला विचारावा लागे.

भोंग्याचा दुसराही एक गुण होता. फुगा हलके दाबला तर आवाज हलका येई, जोराने दाबला तर मोठा. रस्त्याकडेच्या म्हातारीसाठी एक दाब आणि आडव्या आलेल्या जनावरासाठी दुसरा, असा भेद हाताला करता येई. ऑटोरिक्षांवर हा रबरी भोंगा पुष्कळ वर्षे टिकून राहिला. ज्यांनी तो ऐकला आहे, त्यांना त्याच्या आवाजातील हा चढउतार आठवत असेल.

१९०८च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात क्लॅक्सन या नावाने विजेचा हॉर्न विकला जाऊ लागला. त्याचे संशोधक मिलर रीझ हचिसन. कंप पावणाऱ्या धातूच्या पडद्याचा हा आवाज कर्कश होता आणि त्याची जाहिरातही त्याच गुणावर होत असे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. वीज आल्यामुळे आवाज जेथे निघतो ती जागा आणि हात जेथे दाबतो ती जागा, यांची फारकत झाली. हॉर्न पुढे इंजिनाजवळ बसला आणि कळ तारेच्या दुसऱ्या टोकाशी, सोयीच्या कोणत्याही ठिकाणी नेता येऊ लागली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५च्या सुमारास विजेचा हॉर्न मिळाला, तेव्हा त्याचे बटन स्टिअरिंगच्या खांबावर होते. पुढे ते चक्राच्या मध्यावर आले.

मध्यच का, याचे उत्तर साधे आहे. चक्र कितीही फिरले तरी त्याचा मध्य जागा सोडत नाही, त्यामुळे वळणावरही हाताला बटन शोधावे लागत नाही. फिरत्या चक्राशी विजेचा संबंध तुटू नये म्हणून खांबावर धातूचे कडे आणि त्याला टेकलेली स्पर्शपट्टी अशी योजना केली गेली. त्यानंतर अनेक गाड्यांत चक्राच्या आत आणखी एक चकचकीत धातूची कडी आली. आता चक्रावरची पकड न सोडता नुसत्या अंगठ्याने हॉर्न वाजू लागला. काही फ्रेंच कारखान्यांनी वेगळा मार्ग धरला आणि हॉर्नची कळ दिव्यांच्या दांडीच्या टोकाला दिली. गेल्या शतकाच्या अखेरीस चक्राच्या मध्यावर एअरबॅग येऊन बसली, तेव्हा अनेक गाड्यांत हॉर्नची बटने बाजूच्या आऱ्यांवर सरकली. ऐन संकटात अंगठ्याला लहान बटन सापडेलच असे नसते. म्हणून पुढे एअरबॅगचे संपूर्ण झाकणच दाबता येईल अशी रचना रूढ झाली. भारतात १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. आज बहुतेक गाड्यांत चक्राचा सबंध मध्यभाग म्हणजेच हॉर्न आहे. दुचाकीवर तो डाव्या अंगठ्यापाशी आहे.

दरवाजापासून तळहातापर्यंतच्या या प्रवासात सोय वाढली आणि सुरक्षितताही वाढली. परंतु दोन गोष्टी गेल्या. हात उचलण्याचा क्षण गेला, आणि दाबातला भेदही गेला. विजेच्या बटनाला हळू आणि जोरात यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त चालू आणि बंद कळते. म्हातारीला आणि ट्रकला आता एकच आवाज ऐकावा लागतो.

आमच्या रस्त्यावर या बदलाचा परिणाम अधिक तीव्र झाला, त्याचे कारण रस्त्याच्या रुंदीत आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा ५३, अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा यांना जोडतो. दुभाजक नसलेल्या त्या रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचे तर समोरून येणाऱ्यांच्या बाजूस जावे लागे. ट्रकवाल्याला मागचे नीट दिसत नसे. तेव्हा मागच्याने हॉर्न देऊन साइड मागायची आणि पुढच्याने हाताने खूण करून ती द्यायची, असा हा व्यवहार होता. ट्रकच्या मागे रंगवलेले "हॉर्न ओके प्लीज" हे त्या व्यवहाराचे निमंत्रणच होते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली त्यावर बंदी घातली. तोवर हॉर्न न वाजवणे हाच त्या रस्त्यावर निष्काळजीपणा ठरला असता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तो रस्ता आता पालटला आहे. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सुमारे १०५ तासांत सलग घालण्यात आला आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावर साइड मागण्याचा जुना व्यवहार उरत नाही. रस्ता बदलायला काही वर्षे लागली. अंगठ्याची सवय मात्र गेली नाही. ती महामार्गावरून उतरून शहरांत शिरली आहे. रुग्णालयांसमोर आणि आमच्या वर्गांच्या खिडक्यांखाली जो हॉर्न वाजतो, तो अरुंद रस्त्यावर शिकलेला हॉर्न आहे.

कायदा याबाबत गप्प नाही. लंडनमध्ये रात्रीच्या हॉर्नवर १९३४ सालीच निर्बंध आले. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतताक्षेत्र घोषित करण्याची तरतूद आहे. २०१०च्या दुरुस्तीने अशा क्षेत्रात, तसेच रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास मनाई केली. २०१९च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड ठरवला. मात्र दंड वाजून गेलेल्या हॉर्नसाठी असतो. वाजण्यापूर्वीचा जो क्षण भोंग्याच्या जागेमुळे आपोआप मिळत होता, तो दंडाने परत येत नाही.

हॉर्न पुन्हा दरवाजाबाहेर न्यावा, असे आमचे म्हणणे नाही. चाकापुढे अचानक लेकरू आले तर कळ तळहाताखालीच असली पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, यंत्राने जो विचार हातावेगळा केला, तो आता चालकाला स्वतः करावा लागेल. वाहन शिकवणाऱ्यांनी क्लच आणि ब्रेक यांच्याइतकाच या अंगठ्यालाही धडा दिला पाहिजे.

आपल्या भाषेत "हॉर्न देणे" असेही म्हणतात आणि "हॉर्न मारणे" असेही. देणे समोरच्यासाठी असते, मारणे त्याच्यावर. स्टिअरिंगवर हॉर्नची खूण म्हणून एक लहानशी तुतारी कोरलेली असते. वऱ्हाडात बैलाला टोचायच्या अणकुचीदार काठीलाही तुतारीच म्हणतात. चांगला धुरकरी ती हाती असूनही क्वचितच वापरी, आणि त्याची बंडी वेळेवर बाजारात पोचत असे.